दुकानाले सॉफ्टवेअर कोन्तं घेऊ?

या महिन्याच्या टपालात एकच रडगाणं आहे. दुकानात कॉम्प्युटर आला, पोरगं शिकलं, आता त्याच्यात टाकाचं काय ते कोणी धड सांगत नाही. मी स्वतः तालुक्याच्या जागी पंधरा-सोळा वर्षं दुकानदारांचे हिशोब लिहितो, स्टेशनरीचं छोटं दुकानही आहे, त्यामुळे जे पाहिलं ते सांगतो. चार पत्रं घेतली, पहिल्यातच अर्धं पान जाणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : भाऊ नमस्कार. माझं दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र हाय. बियाणं, खत, औषध, तिन्ही लायसन हायत. उधारी बाबाच्या काळापासून लाल वहीत चालते, तीनसाडेतीनशे खाती असतील. दिवाळीपासून तीन जण सॉफ्टवेअर विकाले येऊन गेले. एक म्हणे टॅली घ्या, दुसरा म्हणे आमचं खास कृषी केंद्रासाठीच बनवलेलं हाय, तिसऱ्यानं मोबाईलवरचं ॲप दाखवलं, म्हणे वर्षाचे पैसे भरा अन् मोकळे व्हा. ऐकताना तिघायचंही पटते, घरी आलो का डोकं गरगरते. पोरगा बी.कॉम. झाला, तो म्हणते टॅली. मुनीमजी म्हणते काहीच घेऊ नका. वर्षाची विक्री कोटभराच्या आतबाहेर हाय. कोन्तं घेऊ ते एका शब्दात सांगा.

उत्तर : एका शब्दात सांगता आलं असतं तर भाऊ, त्या तिघांपैकी दोघं तुमच्याकडे आलेच नसते.

आधी एक काम करा. तुमच्या लाल वहीतलं सगळ्यात खराब पान शोधा. म्हणजे ज्या शेतकऱ्यानं मृगाच्या तोंडावर कपाशीची चार पाकिटं नेली, जुलैत युरिया अन् डीएपी नेलं, एक पाकीट वापस आणलं, फवारणीचं औषध पोराच्या हातानं मागवलं, पोळ्याले दोन हजार जमा केले, सोयाबीन विकल्यावर अर्धे दिले, अन् उरलेले कापसावर ढकलले, ते पान. विकणारा आला की त्याच्यासमोर ते ठेवा अन् म्हणा, हे माझ्यासमोर चढव. त्याच्या डेमोत जे दुकान असते ना त्यात 'एबीसी ट्रेडर्स' असते, सगळे ग्राहक रोख देणारे असतात, त्या दुकानात कोणतंही सॉफ्टवेअर चांगलंच चालते. तुमचं खराब पान चढवताना त्याचा हात कुठं अडखळते ते पाहा, अर्धा निकाल तिथंच लागते.

अन् हो, नाव कसं शोधते ते नक्की पाहा. आपल्याकडं एका गावात तीन गजानन असतात, त्यातल्या दोघांचं आडनावही एकच निघते, अन् मुनीमजीले बरोबर माहीत असते की कोणता गजानन धुऱ्याजवळचा अन् कोणता पारावरचा. कॉम्प्युटरले ते माहीत नाही. म्हणून खातं उघडताना नाव, बापाचं नाव, गाव अन् मोबाईलचे शेवटचे चार आकडे असं एकत्र टाकाचं, अन् सॉफ्टवेअरनं गावनिहाय उधारीची यादी काढून दिली पाहिजे. तुम्ही वसुलीले निघता तेव्हा गाव धरून निघता, ए बी सी डी धरून नाही. गावनिहाय यादी ज्याच्यात निघत नाही त्याच्या बाकी रंगीबेरंगी आलेखांचं तुम्ही काय करणार?

आता खताचं. सबसिडीचं खत पॉस मशीनवरच, म्हणजे विक्री नोंदवायच्या त्या छोट्या मशीनवरच, विकावं लागते, शेतकऱ्याचा आधार नंबर अन् अंगठा घेऊन, देशभरात हे २०१८ पासून सुरू आहे, तुम्हाला नवीन नाही. पण ते मशीन सरकारच्या सबसिडीचा हिशोब ठेवते, तुमच्या उधारीचा नाही. म्हणजे तीच थैली मशीनवरही चढणार अन् तुमच्या बिलातही. कोणी विकणारा म्हणत असेल की आमचं सॉफ्टवेअर मशीनले जोडलेलं आहे, तर ऐकून घ्या, पण चालू दुकानात नेऊन दाखव म्हणा, अन् दाखवेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. कारण तपासणीले साहेब आले की ते मशीनमधला साठा अन् गोदामातला साठा लावून पाहतात, सॉफ्टवेअर त्या दोघांमध्ये तिसरा आकडा घेऊन उभं राहिलं की तुमचीच फजिती.

साठ्यातली दुसरी भानगड युनिटची. युरियाची थैली ४५ किलोची, डीएपीची ५० ची, औषध कुठं २५० मिलीत कुठं लिटरात, बियाण्याचं पाकीट नगावर. बियाण्याले लॉट नंबर, औषधाले बॅच अन् मुदत. बिलावर हे आलंच पाहिजे, नाही तर उगवण झाली नाही म्हणून तक्रार आली तर कोणत्या लॉटचं पाकीट कोणाले गेलं हे वहीत शोधता शोधता हंगाम निघून जाईल. मुदत संपत आलेल्या औषधांची यादी तीन महिने आधी काढून देणारं सॉफ्टवेअर असलं तर कंपनीले माल परत करायला तरी वेळ भेटते. अन् एकाच बिलात करही तीन प्रकारचा, पेरणीचं बियाणं शून्य, खत ५ टक्के, रासायनिक कीटकनाशक १८. त्यात २२ सप्टेंबर २०२५ ले जीएसटीचे दर बदलले, ठिबक अन् तुषारचं सामान १२ वरून ५ वर आलं. विकणाऱ्याले हा प्रश्न जरूर विचारा की बाबा त्या सोमवारी तुझ्या जुन्या ग्राहकांच्या बिलावर नवीन दर किती वाजता आला, अन् त्याचे वेगळे पैसे घेतले का. याचं उत्तर तोंडावर दिसते, बोलायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जी तिघांपैकी एकानंही तुम्हाला सांगितली नसेल. तुम्ही मोठ्या व्यापाऱ्याकडून मे महिन्यात माल उचलता अन् त्याचे पैसे दिवाळी झाल्यावर देता, कारण शेतकरी तुम्हाला तेव्हा देते. जीएसटीत नियम असा की माल देणाऱ्याचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाही, तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, व्याजासकट परत करावं लागते, पैसे दिल्यावर पुन्हा घेता येते पण व्याज गेलं ते गेलं. १५ मेचं बिल असलं तर १८० दिवस म्हणजे ११ नोव्हेंबर. मोजून पाहा, आपला सगळा धंदाच त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे लटकलेला आहे. म्हणून देणं अन् घेणं दोन्ही बिलानुसार अन् दिवसानुसार दिसलं पाहिजे, नुसती एकूण बाकी दिसून उपयोग नाही. (तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्याच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर हे तुम्हाला लागूच नाही. दीड कोटीपर्यंत ती सोय आहे, व्यापाऱ्याले १ टक्का, पण क्रेडिट भेटत नाही अन् बिलावर कर दाखवता येत नाही. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही, कर सल्लागाराले आधी विचारा, कारण त्याच्यावर बिलाचा नमुनाच बदलते.)

मग घ्यायचं कोणतं? तुमच्या पत्रावरून माझं मत असं की मोबाईल ॲपवर एवढं मोठं कृषी केंद्र चालवू नका. ॲप वाईट नाही, उधारीचा मेसेज पाठवाले, पानठेल्याले, किराण्याले ठीक आहे, पण तीन लायसन, बॅच, साडेतीनशे खाती अन् जूनच्या पहिल्या आठवड्यात काउंटरवर चाळीस लोक उभे, हे बोटानं होत नाही. उरले दोन. कृषी केंद्राचं खास म्हणून जे आहे ते खराब पानाच्या परीक्षेत पास झालं, अन् दिग्रसले किंवा आर्णीले ते दोन हंगाम वापरणारा दुकानदार तुम्ही स्वतः शोधला (विकणाऱ्यानं दाखवलेला नाही, तो बहुतेक साळा निघते), तर ते घ्या. नाही तर टॅली. पोराले येते, कर सल्लागाराकडंही बहुतेक तेच असते, फाईल सरळ देता येते. एका कॉम्प्युटरचं लायसन वीस हजारांच्या वर जाते, पण ते एकदाच, पुढं अपडेट पाहिजे असतील तर नूतनीकरणाचे वेगळे. अन् विकत घ्यायच्या आधी त्याचा एज्युकेशनल मोड फुकट भेटते, त्याच्यात महिन्याच्या १, २ अन् ३१ याच तारखांना नोंद होते, तेवढी शिकाले पुष्कळ झाली. पोराले म्हणा जुन्या वहीतली पन्नास खाती त्याच्यात चढवून दाखव, मग पैसे देतो.

वर्षाचे पैसे भरायच्या सॉफ्टवेअरवाल्याले अजून एक विचारा. मी तीन वर्षांनी पैसे भरणं बंद केलं तर माझा जुना हिशोब मले उघडता येईल का? जीएसटीत वह्या-हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणजे सहा वर्षं. सॉफ्टवेअरवाला राहो न राहो, तुम्हाला ते दाखवावं लागेल. सगळी खाती, सगळा साठा एक्सेलमध्ये बाहेर निघाला पाहिजे, नुसती पीडीएफ नाही, पीडीएफ म्हणजे फोटो काढून ठेवल्यासारखं, त्यातून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही नेता येत नाही.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. एका जूनमध्ये आमच्याकडं लांब कुठं तरी वीज पडली, लाइन वर-खाली झाली अन् दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. मी म्हटलं चिंता नाही, आपण रोज बॅकअप घेतो. घेत होतो खरंच. पण तो त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये. मग दोन महिने लोकांना विचारून विचारून उधारी पुन्हा लिहिली. बहुतेकांनी खरी सांगितली हो, दोघातिघांनी तर माझ्या आठवणीपेक्षा जास्त सांगितली, अन् काही जणांची स्मरणशक्ती नेमकी त्याच वर्षी कमजोर झाली. तेव्हापासून दोन पेन ड्राइव्ह, एक सोमवार-बुधवार-शुक्रवारचा, एक मंगळवार-गुरुवार-शनिवारचा, अन् दोन्ही संध्याकाळी खिशात घरी येतात. काउंटरले यूपीएस लावा, अन् पाऊस-गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा.

सुरुवात १ एप्रिलले करा, जूनमध्ये बिलकुल नाही. अन् मुनीमजीले घरी पाठवू नका. पहिला हंगाम वही अन् कॉम्प्युटर दोन्ही चालू द्या, दर शनिवारी दहा खाती जुळवून पाहा. ते 'काहीच घेऊ नका' म्हणतात ते भीतीनं म्हणत असतील, पण कोणता गजानन कोणता हे त्यांच्याशिवाय त्या मशीनमध्ये जाणार नाही.

प्रश्न : दादा, आम्ही भिवापूर तालुक्यातल्या अकरा जणींचा बचत गट आहोत. मिरची घेतो, वाळवतो, देठ खुडतो, तिखट करून विकतो, थोडा मसाला पण असते. आमच्यातल्या एकीचा भाचा पुण्याले आहे तो म्हणते की चाळीस हजारात तुमच्या गटाचं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून देतो. बँकेचा माणूस म्हणे पैसे आल्यावर बोलणारा डबा लावा म्हणजे हिशोब आपोआप होते. गटात दोन मतं पडली. काय कराव?

उत्तर : ताई, भाच्याले प्रेमानं चहा पाजा अन् चाळीस हजाराची मिरची घ्या. एवढीच सोय करा.

गंमत सोडा, पण बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरची खरी अडचण किंमत नसते. भाच्याले उद्या दुसरी नोकरी लागली की तुमच्या एका बटनासाठी त्याच्या सुट्टीची वाट पाहाची. अकरा जणींच्या कामाले मोबाईलवरची फुकट गूगल शीट पुरते, सगळ्यांना दिसते, एकीनं लिहिलं तर दुसरीले कळते, त्यामुळे भांडणंही कमी.

बोलणारा डबा 'पाचशे रुपये प्राप्त झाले' एवढं सांगते. कोणी दिले, तिखटाचे का मसाल्याचे, मागच्या उधारीचे का आजचे, ते त्याले कुठं माहीत. डबा लावा, फसवणूक टळते, कोणी नुसता स्क्रीन दाखवून जात नाही. पण तो हिशोब नाही.

तुमच्या शीटमध्ये एक हिशोब मात्र पक्का ठेवा, जो बहुतेक गट ठेवत नाहीत. घटीचा. समजा १०० किलो वाळली मिरची १८० रुपयांनी घेतली, म्हणजे १८ हजार. देठ अन् खराब मिरची निघून, कांडून, चाळून हातात ८५ किलो तिखट आलं, तर एका किलोले मिरचीचेच २१२ रुपये लागले, १८० नाही. त्याच्यावर खुडायची मजुरी, गिरणी, पाकीट, गाडीभाडं. आकडे मी उदाहरणाले घेतले, तुमचे तुम्ही प्रत्येक लॉटले तोलून लिहा, कारण मिरची ओली-सुकी जशी असते तशी घट बदलते. भाव ठरवताना गट इथंच मार खाते अन् वाटते की विक्री तर चांगली झाली, पैसा गेला कुठं.

जीएसटीचं भाच्यानं घाबरवलं असेल तर, आपल्या राज्यात नुसत्या मालाच्या विक्रीले वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मध्य प्रदेशातल्या किंवा छत्तीसगडच्या दुकानदाराले माल विकून पाठवला की ही सूट राहत नाही, मग विक्री लाखभराची का असेना. खाण्याचा माल आहे तर अन्न परवान्याचं वेगळं पाहावं लागते, ते झालेलंच असेल म्हणून धरतो.

आणखी एक. शीट लिहिताना मोबाईलच्या मराठी कीबोर्डनंच लिहा. कोणाकडून जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल आणली तर ती त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसते अन् तुमच्या मोबाईलवर आल्यावर मुंग्या चालल्यासारखी.

प्रश्न : चिमूरले टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे. एक जण दीड हजारात टॅली टाकून देतो म्हणते, म्हणे 'फुल व्हर्जन', सगळेच वापरतात. घेऊ का? बिल भेटणार नाही म्हणते.

उत्तर : ज्याचं बिल भेटत नाही तो माल तुमच्या दुकानात तुम्ही ठेवता का? 'सगळेच वापरतात' हे बरोबर आहे, अन् त्यातले अर्धे नंतर माझ्याकडं येतात. टाकताना तो पहिले अँटिव्हायरस बंद करते, मग एखाद्या दिवशी सगळ्या फाईली कुलूपबंद होतात अन् स्क्रीनवर परदेशातल्या चोराची पैशाची चिठ्ठी येते. दर बदलले की अपडेट नाही. अन् कायदाही आहे, जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमात कमीत कमी सात दिवस अन् जास्तीत जास्त तीन वर्षं कैद लिहिली आहे.

गंमत म्हणजे टॅली निघालं तेच मशीनच्या सुट्या भागांच्या धंद्यातून. बंगळूरूचे श्यामसुंदर गोयनका कारखान्यांना कच्चा माल अन् यंत्रांचे पार्ट पुरवायचे, हिशोबाले बाजारात मनासारखं काही भेटेना, मग १९८६ मध्ये गणित शिकलेल्या पोरानं, भरत गोयनकांनी, बापासाठी ते लिहिलं. तुमचा अन् त्यांचा धंदा एकच की. पण तुमच्या पत्रावरून वाटते की तुम्हाला हिशोबापेक्षा पार्ट सापडण्याचा त्रास जास्त आहे. तर सध्या एक्सेलमध्ये पार्ट नंबर, कोणत्या गाडीचा, कोणत्या रॅकमध्ये, किती नग, एवढी यादी करा. लिबरऑफिस फुकट अन् कायदेशीर भेटते, त्यात तेच होते. पैसे जमले की पुढचं पाहू, तीच यादी तेव्हा कामी येईल.

प्रश्न : गडचिरोलीत धानोऱ्याच्या पुढं माझं मेडिकल आहे. नेट दिवसातून दोन-चार तास असलं तर असलं, लाइनचंही तसंच. कंपनीवाला म्हणे क्लाऊडवालं घ्या, कुठूनही पाहता येते. मी कुठून पाहू, मी तर दुकानातच असतो.

उत्तर : उत्तर तुम्हीच दिलं भाऊ. क्लाऊडचा हिशोब दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असते, नेट गेलं की तुमचं काउंटर मुकं. ज्याच्या चार शहरांत शाखा आहेत त्याले ते चांगलं. तुम्ही ऑफलाइन चालणारं, मेडिकलसाठीच बनलेलं घ्या, अन् डेस्कटॉपच्या ऐवजी लॅपटॉपवर टाका, लाइन गेली तरी दोन-तीन तास निघतात. नेट आलं की बॅकअप वर पाठवणारं असलं तर अजून चांगलं.

मेडिकलमध्ये दोन गोष्टी तपासा. एक, शेड्यूल एच-१ ची, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची ती ठरावीक औषधं विकली की रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध अन् किती दिलं याची वेगळी नोंद लागते, ती तीन वर्षं ठेवावी लागते. बिल करतानाच ती नोंद आपोआप रजिस्टरमध्ये गेली पाहिजे, रात्री बसून पुन्हा लिहावी लागत असेल तर उपयोग काय. दोन, मुदत संपणाऱ्या औषधांची यादी. नागपूर-चंद्रपूरहून येणाऱ्या होलसेलरची गाडी तुमच्याकडं आठवड्यातून एखाद्या वेळी येत असेल, पावसाळ्यात नाला भरला तर तेही नाही, म्हणून बाकीच्यांना महिनाभर आधी कळलं तर चालते, तुम्हाला चार महिने आधी कळलं पाहिजे. तो आकडा बदलता येते का ते विचारा, काही सॉफ्टवेअरमध्ये तो ठरलेलाच असते.

अन् कंपनीवाला डेमो द्यायले आला की त्याच्या मोबाईलचं हॉटस्पॉट चालू असते, तुमच्या लक्षातही येत नाही. ते बंद कराले लावा, लॅपटॉपचा प्लग काढा, अन् मग म्हणा, हं, आता क्रोसिनच्या दोन पत्त्यांचं बिल काढून दाखव.